सागवानी खिडकीची काच आणि लांबी घरच्या घरी कशी बदलावी

जुन्या घराच्या खिडकीची काच खडखडायला लागली, पावसात झडपेच्या खालच्या पट्टीवर ओल दिसायला लागली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: काढून टाका, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवा. माझी कळकळीची विनंती आहे, तो सल्ला लगेच ऐकू नका. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं सागवान आज त्या प्रतीचं सहज मिळत नाही, आणि दहातल्या आठ खिडक्यांत लाकडाला काहीही झालेलं नसतं. संपलेली असते ती फक्त काचेभोवतीची लांबी. ती बदलता यावी अशीच केलेली असते.

लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल यांचा मळलेला गोळा. काही जण तिला लुकण म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘पुट्टी द्या’ म्हणालात तर हमखास भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी हातात पडते. ती इथे अजिबात चालत नाही. लाकूड फुगतं-आकसतं, सिमेंट हलत नाही, आणि एका पावसाळ्यात ती पापड सुटावा तशी सुटते. ‘काचेची लांबी’ असंच मागा. या लांबीसाठी भारतीय मानकही आहे, आयएस ४१९. डब्यावर तो आकडा दिसला तर उत्तम.

बाकीचे शब्द एकदा सांगून ठेवतो. भिंतीत बसवलेली ती चौकट, उघडझाप होते ती झडप. झडपेच्या बाजूच्या दोन लाकडांना सुतार उभे म्हणतात, वरच्या-खालच्यांना आडवे. या लाकडांना आतल्या कडेने पायरीसारखी खाच मारलेली असते. काच त्या खाचेत टेकते, बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, अडवली जाते आणि वरून लांबीचा उतार दिला जातो.

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा लांबी सुबक लावली होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बघतो तर ती लाकडापासून केसभर सुटली होती, आणि त्या फटीतून उतरलेलं पाणी खालच्या आडव्यात मुरलं होतं. लांबीत दोष नव्हता. मी ती कोरड्या, तहानलेल्या लाकडावर लावली होती. वर्षानुवर्षं उन्हात वाळलेलं लाकूड ताज्या लांबीतलं तेल टिपकागदासारखं ओढून घेतं, उरते नुसती खडूची पूड, आणि पूड कशालाच धरून राहत नाही. म्हणून खालच्या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ खाचेला द्या. लांबी लावणं हा त्या मानाने छोटा भाग आहे.

कधी करावं

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा लाकडातली पावसाळी ओल गेलेली असते आणि ऊन भाजून काढणारं नसतं. एप्रिल-मेमध्येही जमतं, पण रंग पक्का व्हायला मृगाच्या आधी निदान महिनाभर हाताशी हवा. पावसाळ्यात काच फुटली तर प्लायवूडचा तुकडा लावून वेळ मारून न्या. ओल्या लाकडावर ना तेल बसतं ना लांबी.

सगळ्याच काचा काढायच्या नाहीत. काचेवर बोटाच्या पेराने हलकं ठोका. बद्द, भरीव आवाज आला तर ती काच घट्ट बसलेली आहे. खडखड आली, लांबीला आडव्या भेगा दिसल्या, किंवा नखाने उचकटून तुकडा निघाला, तर तीच घ्या. अर्धी लांबी घट्ट आणि अर्धी सुटलेली असेल तर सुटलेला भाग काढून तेवढाच नवा भरायलाही हरकत नाही.

झडप उतरवणं

चौकटीत झडप ठेवूनच काम करायचा मोह होतो, विशेषतः खिडकी तळमजल्यावर असेल तर. तरीही झडप उतरवा. आडव्या टेबलावर काच अंगावर पडत नाही आणि लांबीचा हात सरळ चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर तर खिडकीबाहेर वाकून हे काम करूच नये.

बिजागरीच्या स्क्रूच्या खाचेत रंगाचे थर बसलेले असतात. ते टोच्याने आधी साफ करा, बरोबर बसणारा पेचकस घ्या, आणि स्क्रू सोडण्याआधी अगदी किंचित आवळा. गंज तुटल्याचा ‘कट्’ आवाज आला की मग उलटा फिरवा. वरची बिजागरी शेवटी सोडायची आणि तेव्हा झडप धरायला दुसरं माणूस हवंच. झडपेच्या बिजागरीकडच्या कडेवर पेन्सिलीने क्रमांक घाला, तोच चौकटीवरही. जुन्या खिडक्या दिसायला सारख्या असतात, पण एकीची झडप दुसरीत बसत नाही.

टेबलावर जुनी गोधडी अंथरा आणि झडप लांबीची बाजू वर करून ठेवा. लांबी सहसा बाहेरच्या, पावसाच्या बाजूला असते.

जुनी लांबी काढणं

इथे हातमोजे (चामड्याचे), डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला चांगला मास्क हवा. काचेसाठी जितका, तितकाच रंगासाठी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही, आणि जुन्या लांबीतही कधीकधी सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, मिसळलेला असे. म्हणून कोरडं घासू नका. फवाऱ्याने पाणी मारत घासा, खाली प्लास्टिक अंथरा, गोळा झालेला चुरा पिशवीत बांधा, आणि काम चालू असताना लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

काच तडकलेली असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीच्या फुल्या मारून घ्या. मग जिथे लांबी आधीच सुटलेली आहे तिथून सुरुवात करा. पटाशीचं सपाट अंग लाकडाला समांतर ठेवायचं आणि हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी लांबी आणि लाकूड यांच्या मधल्या रेषेत सरकवायचं. पटाशी काचेवर टेकवून उचकटू नका. चांगली काच तिथेच जाते. पटाशीला मध्येच टक्कन लोखंड लागलं तर थांबा, तिथे काच अडवणारी चूक आहे. बारीक पकडीने ती सरळ ओढून काढा.

काही ठिकाणी लांबी दगड झालेली असते. तिथे उष्णता लागते. हीट गन असेल तर ती मंद ठेवा, काचेवर पत्र्याचा तुकडा आडवा धरा आणि एका जागी न थांबता फिरवत राहा. लांबी मऊ झाली की लांबीच्या पत्र्याने, म्हणजे पातळ पात्याच्या बोथट सुरीने, खरवडून निघते. तापमान फार वाढवलंत तर एक तर काच तडकते, दुसरं म्हणजे जुन्या रंगातल्या शिशाची वाफ होऊ शकते. रंग करपून धूर निघू लागला तर ती गरजेपेक्षा जास्त उष्णता आहे. घाई नसेल तर आणखी एक सौम्य उपाय आहे: लांबीवरचा रंग खरवडा, तिच्यावर जवसाचं तेल भिजवलेली कापडाची पट्टी ठेवा, वर प्लास्टिक झाका आणि रात्रभर सोडून द्या. फार जुन्या लांबीवर हे पुरेल असं नाही, पण पटाशीचा निम्मा त्रास वाचतो.

तेलाच्या चिंध्यांबद्दल इथेच सांगतो, कारण ही चूक घर जाळू शकते. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन वाळतं आणि तसं होताना उष्णता बाहेर टाकतं. तेलकट चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत साठत जाते आणि कोणी काडी न लावताही त्या पेट घेऊ शकतात. प्रत्येक चिंधी उलगडून अंगणातल्या दोरीवर वाळत टाका, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

जुनी काच शाबूत निघाली तर फेकू नका. तिच्यातून बाहेरचं झाड बघा, फांद्या किंचित लाटांसारख्या हलताना दिसतील. ही ओढून बनवलेली काच. आजची एकसारखी सपाट फ्लोट काच पिल्किंग्टन कंपनीने १९५९मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीची. लहरींची काच आता दुकानात मिळत नाही, म्हणून ती आणि झरोक्यातल्या लाल-निळ्या-हिरव्या रंगीत काचा धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवा आणि परत त्याच बसवा. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ चकती लाकडी पट्ट्यांत सरकवलेली दिसते. तिथे लांबी नसतेच आणि हे सगळं काम वेगळं आहे. त्या खिडक्यांना पटाशी लावू नका.

फुटलेली काच कचऱ्यात सुटी टाकू नका. जाड पुठ्ठ्यात बांधून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. कचरा उचलणाऱ्या ताईंचे हात उघडे असतात.

खाच तयार करणं

काच निघाली की खाचेत रंग, खडू आणि धूळ यांचा थर दिसेल. तो लाकूड दिसेपर्यंत काढा, पण खाचेच्या कडा गोल करू नका. मग टोच्याने खालचा आडवा आणि दोन्ही खालचे कोपरे दाबून बघा. सागवान कुजतं ते इथेच. टोच्या सहज आत गेला तर तेवढा भाग कापून सागवानाचा तुकडा जोड देऊन बसवायला हवा. तो सुताराचाच हात आहे, त्यात कमीपणा मानू नका. वाळवीची माती किंवा भुंग्याची बारीक भोकं दिसली तर त्याचा बंदोबस्त आधी.

आता दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर झडप लवंडली आहे, कोपऱ्याचे सांधे सैल झाले आहेत. सांधे आवळून, चिकटवून झडप काटकोनात आणा. ते शक्य नसेल तर पुठ्ठ्याचा नमुना कापून काचवाल्याला तोच द्या.

आणि मग तेल. बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात मिळतं. एका वाटीत बेलतेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं घ्या. बेलतेल आधी कोमट करायचं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा, गॅसवर कधीच नाही, आणि टर्पेंटाइन विस्तवापासून लांबच मिसळा. हे मिश्रण ब्रशने खाचेत भरपूर लावा. पहिला हात डोळ्यांदेखत गायब होतो, पाच मिनिटांत खाच पुन्हा कोरडी! तिथेच पुन्हा लावा. लाकडाच्या टोकांच्या भागांत, म्हणजे कोपऱ्यांत, तीन-तीन वेळा लावावं लागतं. एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी नुसतं बेलतेल पातळ लावा आणि अर्ध्या तासाने वर राहिलेलं पुसून घ्या. आणखी एक-दोन दिवसांनी खाचेवर बोट फिरवलं की ती चिकट नाही पण कोरडीही नाही, अशी लागली पाहिजे. ज्यांना रंगवायचंच आहे ते पहिल्या तेलानंतर ऑइल प्रायमरचा एक पातळ हात देऊ शकतात. मला स्वतःला तेलच पटतं.

काच मोजणं आणि आणणं

रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी मोजा. सर्वांत लहान माप धरा आणि त्यातून ४ मिलिमीटर वजा करा, म्हणजे प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर मोकळी जागा राहील. पावसाळ्यात उभे-आडवे फुगतात आणि उघडी जागा लहान होते. काच मात्र तेवढीच राहते. उन्हाळ्यात ‘घट्ट बसू दे’ म्हणून पूर्ण मापाची कापलेली काच श्रावणात कोपऱ्यातून तडकते.

काचवाले अजून इंच आणि सूत वापरतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर. माप बोलून सांगू नका, कागदावर मिलिमीटरमध्ये लिहून द्या आणि शेजारी ‘कापायचं माप, वजावट झालेली आहे’ असंही लिहा. नाहीतर वजावट दोनदा होते.

जाडी किती? फूट-दीड फुटाच्या तावदानाला ३ मिलिमीटर, त्याहून मोठ्याला ४. दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे काच अडीच किलो भरते. म्हणजे ४५ × ६० सेंटिमीटरचं ४ मिलिमीटर जाडीचं तावदान २.७ किलोचं होतं. सहा तावदानांची झडप असेल तर जाडी वाढवण्याआधी बिजागऱ्यांचा विचार करा, आणि खाचेत नवी काच, तिच्यामागची लांबी आणि पुढचा उतार यांना पुरेशी खोली आहे का तेही बघा. खिडकी जमिनीलगत असेल, मुलं धडकण्याची शक्यता असेल, तर टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली काच घ्या. ती एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही, तेव्हा माप दोनदा तपासा.

आवाज कमी व्हावा म्हणून कोणी लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली) किंवा दोन काचांचं बंद युनिट बसवायला सांगतं. त्यांना जवसाच्या तेलाची लांबी वापरायची नाही. तेल त्यांच्या कडेचा थर आणि सील खराब करतं. तिथे लाकडी पट्टी आणि न्यूट्रल सिलिकॉन हाच मार्ग. साध्या काचेला मात्र मी सिलिकॉन लावणार नाही. ते आज सोपं वाटतं, पण पुढच्या वेळी काच फुटली की खाचेतून ते सोलून काढताना लाकूडच निघतं.

लांबी मळणं

तयार लांबी चालते, पण घरची लांबी मळणं कठीण नाही. खडूची पूड पातळ कापडातून चाळून घ्या. १ किलो पुडीला साधारण १५० ते २०० ग्रॅम कच्चं जवसाचं तेल लागतं. पूड परातीत घ्या, मध्ये आळं करा आणि भाकरीच्या पिठाला पाणी घालतो तसं तेल थोडं-थोडं घाला. सुरुवातीला ती भुरभुरीत राहते आणि तेल कमी पडलं असं वाटतं. वाटू द्या, मळत राहा. दहा-बारा मिनिटांनी ती एकदम गोळा धरते. जवसाच्या चटणीचा वास ओळखीचा असेल तर तोच वास तळहाताला येईल. गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून एक रात्र ठेवा आणि सकाळी पुन्हा मळा.

कसोटी अशी: करंगळीएवढी वळी करा आणि वाकवा. तडकली तर तेल कमी, तळहाताला चिकटली तर जास्त. जास्त झालं तर वळी वर्तमानपत्रावर लोळवा, कागद जादा तेल शोषतो. सागवानी रंगाशी मिळतीजुळती हवी असेल तर चिमूटभर गेरू मिसळा.

काच बसवणं

पेन्सिलीएवढी जाड वळी खाचेत चारही बाजूंना अंगठ्याने दाबून बसवा. ही मागची गादी. पुष्कळ जण ती गाळतात आणि काच थेट लाकडावर टेकवतात, मग काच वाऱ्याने वाजते आणि पाणीही आत येतं. खालच्या कडेला, दोन्ही कोपऱ्यांपासून पाव अंतरावर, २ मिलिमीटर जाडीचे रबराचे किंवा सागवानाचे दोन छोटे तुकडे ठेवा. काचेचं वजन त्यांच्यावर येईल.

काच आधी खालच्या कडेवर टेकवा, मग हळूहळू वर आडवी करा. दाब फक्त कडांवर द्यायचा, मध्यभागी कधीच नाही. काचेमागची लांबी सरकत दुसऱ्या बाजूने बाहेर येईल. तिथे दीड-दोन मिलिमीटर थर उरला की थांबा.

आता १२ ते १५ मिलिमीटरच्या बारीक चुका. कोपऱ्यापासून ५-७ सेंटिमीटर सोडून पहिली, मग दर २० ते २५ सेंटिमीटरवर एक. काचेवर पुठ्ठा ठेवा, चूक आडवी धरा, आणि हातोडी न उचलता पुठ्ठ्यावरून सरकवत मारा. चूक लाकडात निम्मी जावी, काचेला अलगद टेकावी, काचेला दाबू नये. तिचं टोक लांबीच्या उताराखाली पूर्ण झाकलं गेलं पाहिजे.

मग पुढची लांबी. अंगठ्याने भरगच्च भरा, मध्ये हवा राहू देऊ नका. लांबीचा पत्रा तेलात बुडवून साधारण ४५ अंशांत धरा आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत एकाच दमात ओढा. मध्ये थांबलात की तिथे खूण पडते. पहिली बाजू बिघडेल. काढा आणि पुन्हा भरा, लांबी दिवसभर मऊ राहते. उताराची काचेवरची कड आतल्या खाचेच्या कडेपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे ठेवा, म्हणजे घरातून बघताना लांबी दिसत नाही. खालच्या कडेला उतार जरा जास्त द्या, पाणी तिथेच रेंगाळतं. झडप उलटी करून आतल्या बाजूला आलेली लांबी तिरकी छाटा.

काचेवर तेलाचे डाग पडतात. कोरडी खडूची पूड भुरभुरवून मऊ ब्रशने झटका. पूड तेल उचलते आणि लांबीचा पृष्ठभागही थोडा घट्ट होतो. पाणी आणि साबण आत्ता नको.

वाळणं, रंग आणि पहिला पाऊस

झडप तीन दिवस आडवीच ठेवा. नंतर लावली तरी आठवडाभर ती आपटता कामा नये, कडी लावून ठेवा. दोन ते तीन आठवड्यांत लांबीवर साय धरते. बोटाने हलकं दाबल्यावर ठसा उमटला नाही की रंगाला हरकत नाही. आतून ती पूर्ण कडक व्हायला कित्येक महिने लागतात, तेवढं थांबायचं नसतं. उघडी राहिली तर ती उन्हाने तडकते.

एक हात ऑइल प्रायमर, दोन हात ऑइल पेंट. प्रत्येक हात लांबीवरून काचेवर २ मिलिमीटर पुढे न्या. काच स्वच्छ दिसावी म्हणून अनेक रंगारी नेमकी ती कड पट्टी लावून किंवा ब्लेडने साफ करतात. तसं करू देऊ नका. काच आणि लांबी यांच्यामधली रेषा त्या २ मिलिमीटर रंगानेच बंद होते, पाणी तिथूनच शिरतं. खिडकी रंगवायची नसेल, सागवान तेलावर किंवा पॉलिशवरच ठेवायचं असेल, तर पुढच्या बाजूला लांबीऐवजी सागवानी पट्टी लांबीच्या पातळ थरावर बसवा.

उरलेली लांबी तेलाचा हात फिरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, महिनोन्‌महिने टिकते. झडपेच्या कडेवर पेन्सिलीचा क्रमांक आहे, त्याच्या शेजारी काचेचं माप, जाडी आणि महिना-वर्ष लिहून टाका.

पहिला मोठा पाऊस पडला की आतून खालच्या आडव्यावर कोरडा कागदी रुमाल फिरवा, कोपऱ्यांत विशेष. ओल लागली तर ती काचेच्या कडेतून येते की झडप आणि चौकट यांच्यामधून, हे बघायला पाऊस थांबल्यावर बाहेरून तांब्याने पाणी फक्त काचेवर ओता. आत ओल आली तर त्या कोपऱ्यातला रंगाचा पट्टा तुटलेला असतो. ती जागा खडूने खूण करून ठेवा आणि दिवाळीनंतर तेवढाच कोपरा उघडा.